तिसऱ्या सळईवरचे बावन्न किलो

आधीच सांगते, मी आकड्यांवर पोट भरणारी बाई आहे. बड़ा गणपतीजवळच्या आमच्या घरी कुणी भूतखेताच्या गोष्टी काढल्या, की मी उठून चहा टाकायला जायची. तरीही हे लिहितेय...

मध्य प्रदेशचे दोन तुकडे व्हायच्या आधीची गोष्ट. पलासियाला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात मी नोकरीला होते. कॉम्प्युटर एकच. मी आणि माझ्याबरोबर काम करणारा मिलिंद तो आलटून-पालटून वापरायचो. मल्हारगंजच्या एका जुन्या धर्मशाळेच्या हॉलमध्ये दोनशे चाळीस किलोचं काचेचं झुंबर टांगायचं होतं. छताला ते झेपेल का, एवढंच बघायचं. काम मिलिंदला हवं होतं. सरांनी मला दिलं.

मी मॉडेल केलं. चार सारख्या सळया, मधोमध झुंबर. म्हणजे प्रत्येकीवर साठ किलो, हे तर तोंडीही सांगता येतं. रन केलं... पहिली, दुसरी, चौथी — साठ. तिसरी — एकशे बारा!

वजन टाकलं दोनशे चाळीस आणि छताला पोचलं दोनशे ब्याण्णव? असं होऊच शकत नाही. ओळ न ओळ तपासली. चूक नाही. मग डोक्यात एकच नाव आलं — मिलिंद. त्या दिवशी फ्लॉपी पर्समध्ये घालून घरी नेली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सगळं नव्याने भरलं. तिसरी — एकशे बारा.

"हा काय चावटपणा आहे?" मी सरांसमोरच त्याला विचारलं.

"अरे यार, मैंने हाथ भी नहीं लगाया! आईची शपथ."

मला तेही नाटकच वाटलं.

"सॉफ्टवेअरची गडबड असेल," सर म्हणाले. "हाताने कॅल्क्युलेशन कर आणि सही करून टाक."

हाताने सगळं बरोबर येत होतं. पण सही करवेना. म्हटलं, आधी तेवढ्या वजनाची रेतीची पोती टांगून बघू.

धर्मशाळेचे सेठजी वैतागले. "बेटी, परसों शादी है, और तुम बोरियाँ लटका रही हो!"

दोरी बांधून लोकांना लांब ठेवलं. दोनशे चाळीस किलो दोन तास लटकले. काही झालं नाही. मिलिंद मला चिडवायला म्हणाला, "अब तेरे बावन्न किलो भी डाल दें? तिसऱ्यावर?"

मी हट्टाने हो म्हटलं. तेवढं मोजून बांधलं. दोन मिनिटं झाली नसतील... कडाडकन आवाज झाला आणि तिसऱ्या सळईचा हुक प्लास्टरसकट खाली! परवा तिथेच पाहुणे बसणार होते.

वरचं प्लास्टर काढलं तेव्हा कळलं, नेमकं तिथेच छताचा लोखंडी गर्डर गंजून पोकळ झाला होता. बाहेरून कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. माझ्या मॉडेलमध्ये तर तो धडधाकट होता!

ऑफिसात येऊन तीच फाइल पुन्हा रन केली. साठ, साठ, साठ, साठ. आधीचं प्रिंटआउट मात्र अजून माझ्या कपाटात आहे — एकशे बारावालं.

मिलिंदचे काका मल्हारगंजात ठेकेदार होते. त्यांच्याकडून त्याला गर्डरचं कळलं असेल, काकांचं नाव न येऊ देता त्याने ते आकडे घुसवले असतील... मी वर्षानुवर्षं हेच धरून चालले. कसे घुसवले, ते मात्र कधी उलगडलं नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने मला बाजूला घेतलं.

"अब तो सच बता दे," तो हळूच म्हणाला. "मॉडेलमध्ये ते बावन्न किलो तूच टाकले होतेस ना?"

तो हसत नव्हता.