मधलं मॉडेल

आमच्या नात्यागोत्यात आजही माझी ख्याती अशी आहे की मी भर शोरूममध्ये नवऱ्याशी भांडून महागातली गाडी घ्यायला लावली. भांडले हे खरं आहे. मी भांडखोर आहेच, माझ्या माहेरचे सगळेच तसे. पण कशासाठी भांडत होते ते तोंडातून काढायची मला बंदी होती. तोंड बांधून भांडायची वेळ आयुष्यात तेवढी एकदाच आली.

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही अंबरनाथला राहायचो. आमचे हे फॅक्टरीत, टेबलावरच्या कामाला. मी शाळेत शिकवायचे. आदल्या वर्षी ह्यांना काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्यानं समोरचं दिसायचं, पेपर वाचता यायचा, म्हणून बाहेर कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली. ह्यांनी ती निमूट बंद केली आणि कॉलनीत सांगितलं, गुडघा धरलाय. मग काय, जो तो तेलं सुचवायला लागला. शेजारणीनं एक बाटली आणूनही दिली. हा माणूस रोज संध्याकाळी पायरीवर बसून धडधाकट गुडघ्याला तेल चोळायचा. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

"कुणाला बोलायचं नाही," ह्यांनी मला बजावलं होतं. "धाकट्याला तर मुळीच नाही."

धाकटा म्हणजे माझे दीर. सासरे गेले तेव्हा ते शाळेत होते. ह्यांनीच त्यांना शिकवलं, सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, बदलापूरला खरवईत घर घेताना पुढे उभे राहिले. भावजींच्या लेखी दादा म्हणजे कधी न थकणारा माणूस. तो समज मोडायची ह्यांची तयारी नव्हती. मी शब्द दिला. दिला कशाला, असं पुढे कितीदा वाटलं.

गुडघ्याची गोष्ट इतकी पसरली की एका रविवारी भावजीच म्हणाले, "दादा, आता गाडी घे. रिक्षात कुठं चढउतार करत बसतो?"

ह्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. मलाही बरं वाटलं. त्या उन्हाळ्यातच मी मोटार ट्रेनिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं होतं. माझ्या मनात अगदी साधा हिशेब होता, मी चालवीन, हे शेजारी बसतील. पण गाडीचं जुनं लायसन्स ह्यांच्याकडेही होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "घेऊ. सावकाश चालवीन मी."

भावजी गेल्यावर मी दार लावून घेतलं. "तुम्ही चालवणार?"

"डॉक्टर स्कूटरबद्दल बोलले होते. गाडीला चार चाकं असतात."

"आणि डोळे किती असतात?"

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. दोन दिवस ह्यांनी जेवणाचं ताट स्वतःच वाढून घेतलं.

तेव्हा पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या कंपनीतूनच यायला लागल्या होत्या. स्टिअरिंगशेजारी एक बटण दाबलं की पेट्रोलवरून गॅसवर. डिकीत टाकी, म्हणून सामानाला जागा कमी. भावजींनी माहितीचं रंगीत पुस्तक आणून दिलं. त्यात तीन रकाने होते: बेस, मधलं आणि टॉप. टॉप मॉडेल गॅसवर येतच नव्हतं, त्यामुळे निवड दोघांतच होती. बेसमध्ये एसी होता, पण काचा हाताने फिरवायच्या आणि स्टिअरिंग साधं. मधल्यात पुढच्या काचांना बटणं, आणि पॉवर स्टिअरिंग. किमतीतला फरक आम्हाला झेपण्यासारखा होता. त्याच्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

वाद होता स्टिअरिंगवरून. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. ट्रेनिंग स्कूलच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवताना माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. शेवटी मास्तरच शेजारून हात घालून वळवायचे. म्हणजे बेस घेतली तर ती मला चालवता येणार नाही, ह्यांनाच चालवावी लागणार. मधली घेतली तर मी चालवू शकणार. हे मला जितकं कळत होतं तितकंच ह्यांनाही कळत होतं. म्हणूनच पहिल्या दिवसापासून ह्यांचं बोट बेसच्या रकान्यावरून हलेना.

आणि ह्यांना साथ द्यायला आख्खं उल्हासनगर होतं. आमच्या भागात एक समज घट्ट आहे: गाडी बेस घ्यावी आणि उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात नेऊन टॉप करून आणावी. भावजी तिथल्याच एका सिंधी शेठच्या दुकानात कामाला होते, गाड्यांचं सामान बसवायच्या. त्यांना तर माझं म्हणणं म्हणजे धंद्याचा अपमानच वाटला.

"वहिनी, कंपनीला कशाला पैसे देता? काचांची बटणं मी लावतो. सेंट्रल लॉक लावतो. सीट कव्हर असं टाकतो की टॉपवाला बी मागं वळून बघंल."

"आणि पॉवर स्टिअरिंग?"

"ते तेवढं बाहेर होत नाय. पण ते कशाला पायजे? दादाच्या मनगटात बघा की ताकद."

दादा मनगटाकडे बघत बसले. मला असा संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

दसरा जवळ आला होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नवी गाडी विहारासमोर उभी राहावी, अशी ह्यांची इच्छा होती, आणि ती माझीही होती. म्हणून आम्ही तिघं शोरूमला गेलो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर, उल्हासनगरच्या हद्दीत. टाय लावलेला सेल्समन धावत आला.

"सर, बेस रेडी स्टॉकमध्ये आहे, व्हाइट. दसऱ्याला डिलिव्हरी पक्की. मधल्याला वेटिंग आहे, दिवाळीच्या पण पुढे जाईल."

"मग झालंच," हे म्हणाले.

"झालं नाही," मी म्हणाले. "मधलंच घ्यायचं."

"का पण?" भावजी म्हणाले. "कारण तर सांगा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समोरच्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत होते, माझ्याकडे बघणं टाळत होते.

"मला बटणाच्या काचा पाहिजेत," मी म्हणाले.

भावजी हसले. सेल्समनही हसला. "मॅडम को फीचर्स चाहिए, सर. लेडीज लोगों का ऐसाच असतं."

"अहो वहिनी, बटणं मी फुकट लावतो म्हटलं ना!"

"मला कंपनीचीच पाहिजेत."

एवढी पोरकट मी आयुष्यात कधी दिसले नसेन. शेजारच्या टेबलावरचं जोडपं माझ्याकडे बघायला लागलं होतं. हे माझ्या बाजूनं एक शब्द बोलतील, निदान "बघू" तरी म्हणतील, असं वाटत होतं. हे म्हणाले, "हिला हौस आहे जरा." तिथंच त्यांचा हात धरून गदागदा हलवावं असं मला झालं.

सेल्समनला वाटलं, गिऱ्हाईक हातचं जातंय. तो म्हणाला, "सर, आधी चालवून तर बघा. टेस्ट ड्राइव्हची गाडी मधलं मॉडेल आहे, फरक लगेच कळेल."

ह्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"भावजी, तुम्ही चालवा," मी घाईनं म्हणाले.

"मी कशाला? गाडी दादाची."

"तुम्हाला गाड्यांतलं कळतं."

"दादाला काय कमी कळतंय?" ते मागचं दार उघडून बसलेसुद्धा.

हे स्टिअरिंगवर बसले, सेल्समन शेजारी. मी मुद्दाम सेल्समनच्या मागे बसले, डावीकडे. काच पूर्ण खाली केली आणि रस्त्यावर नजर लावली. कुणाचं काय बरंवाईट झालं तर, एवढंच डोक्यात होतं. शब्द गेला खड्ड्यात, वाकडं काही दिसलं की ओरडायचं, असं मी ठरवून टाकलं.

सुरुवातीला हे खरंच सावकाश चालवत होते. सेल्समन बोलत होता, पेट्रोलवरून गॅसवर जाताना कसा झटका बसत नाही ते दाखवत होता. भावजी मागून "मक्खन, दादा, मक्खन" म्हणत होते. ह्यांच्या मानेकडे मी बघत होते. ती ताठ झाली होती. मधूनच हे डोकंच डावीकडे वळवून बघायचे, आणि तेवढ्या वेळात समोरच्या रिक्षा जवळ आलेल्या असायच्या. मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

डावीकडच्या गल्लीतून एक हातगाडी बाहेर आली. वर जीन्सचे गठ्ठे रचलेले, मागून एक म्हातारा ढकलत होता. तो मला दिसला. सेल्समन ह्यांच्याकडे वळून बोलत होता. आणि गाडीचा वेग तसाच होता.

"डावीकडे!" मी किंचाळले. "डावीकडे, थांबा!"

ब्रेक लागला. आम्ही सगळे पुढे फेकले गेलो. काहीतरी धप्प झालं. गाडीला हातगाडी लागली नव्हती, पण म्हाताऱ्यानं घाबरून ती वळवली तसे वरचे गठ्ठे रस्त्यावर पडले. म्हातारा दोन्ही हात वर करून उभा होता.

भावजींनी माझ्यावरून वाकून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए, आंधळा हायस काय रे? एवढी मोठी गाडी दिसत नाय तुला?"

म्हातारा खाली वाकून गठ्ठा उचलायला लागला. भावजी परत ओरडणार तेवढ्यात ह्यांनी हातब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. मागे हॉर्न सुरू झाले.

"त्याला कशाला बोलतोस?" हे म्हणाले. "आंधळा मी आहे."

भावजी हसले. "काय पण बोलतो दादा."

"खरंच बोलतोय. डाव्या डोळ्यानं दिसत नाही मला. वर्ष झालं. उजव्याचं पण कडेचं जात चाललंय." एवढं बोलून हे थांबले. "गुडघ्याला काही झालेलं नाही."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी?"

मी मान हलवली. वर्षभर मला वाटत होतं की ज्या दिवशी हे बाहेर पडेल त्या दिवशी माझ्या छातीवरचा दगड उतरेल. पण ह्यांच्या तोंडून ते ऐकताना मला असं झालं की नको होतं, ह्यांनी अजून थोडे दिवस तेलच चोळलं असतं तर बरं झालं असतं.

भावजी दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, ते ह्यांच्याजवळ येतील. ते सरळ हातगाडीकडे गेले आणि खाली बसून गठ्ठे उचलायला लागले. एकेक उचलून हातगाडीवर ठेवत होते, म्हाताऱ्याला हात लावू देत नव्हते. "सॉरी बाबा," म्हणत होते. "माफ करा. चूक आमची हाय." परत येऊन बसले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी पुढे हात करून ह्यांच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

सेल्समन बिचारा घामाघूम झाला होता. ह्यांनी त्याला म्हटलं, "मधलं मॉडेल लिहा आमच्या नावावर. वेटिंग असू दे. दसऱ्याला नाही मिळाली तरी चालेल."

मग हे उतरले. बॉनेटवर हात ठेवत ठेवत, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. सेल्समन मागे येऊन बसला. मी उतरून पुढे गेले, स्टिअरिंगवर बसले. खांदा दुखेल या भीतीनं मी आधी जपूनच हात फिरवला, तर चाकं अलगद वळली. ह्यांनी डाव्या हातानं पट्टा शोधला, तो सापडेना. मी मदतीला हात पुढे केला नाही. दोनदा चाचपडल्यावर त्यांना सापडला.

"चल," हे म्हणाले. "आणि डावीकडे काय काय आहे ते मला सांगत राहा."

एरवी शेजारी बसणाऱ्यानं चालवणाऱ्याला डावीकडचं सांगायचं असतं. मी गाडी सुरू केली आणि सांगायला लागले. चहाची टपरी आहे. दोन रिक्षा, उभ्या आहेत. एक बाई, हातात पिशवी, ती थांबलीय, जाऊ द्या म्हणतेय. शिंप्याचं दुकान. पिंपळ, त्याच्या पाराला पांढरा रंग दिलाय. प्रत्येकाला हे "हं" म्हणत होते, मान समोर ठेवून.

"शोरूम आलं," मी म्हणाले.

"येऊ दे," हे म्हणाले. "तू पुढं घे. अजून थोडं सांग."