बर्फाची दरड आणि भाजलेला बोंबील

कुवेतमधल्या फरवानियातल्या खोलीत एकटीनं राहायची भीती वाटली म्हणून मी ह्यांच्या मागं लागून गेले, आणि गेले कुठं, तर त्याहून भीतीच्या जागी. ह्यांच्या शेठची गाडी लेबनानला पोचवायची होती. शेठ तिथं डोंगरात राहायला गेलेला, शुक्रवारच्या नमाजाआधी गाडी दारात पायजे म्हणालेला. गाडीत मी, हे आणि दहा महिन्यांची रुखसाना. सोबत खबूस (तिथली रोटी), खजूर आणि रत्नागिरीचे सुके बोंबील, भाजून डब्यात भरलेले.

इराक झालं, वाळवंट झालं, दोनदा टायर बसला, दमास्कस मागं पडलं. मग घाट लागला आणि पांढरं दिसलं. मला वाटलं मिठागर. एवढं मीठ डोंगरावर कोण चढवणार, म्हणून हे हसले. पण पुढं त्यांचंच हसू गेलं. कुणीतरी त्यांना सांगितलेलं, इथं मोठा आवाज झाला की वरून बर्फ कोसळतो. म्हणून हॉर्न नाही, दार आपटायचं नाही, आणि रुखसानाला रडू द्यायचं नाही. तिला तर दात येत होते. खजूर दिला, थुंकली. छातीशी घेतली तर चावली, मीच ओरडणार होते, ओढणी तोंडात कोंबली. शेवटी बोंबील दिला, शेपूट माझ्या हातात धरून. चोखायला लागली आणि गप्प.

वळणावर एका म्हाताऱ्यानं फावडं आडवं धरून गाडी थांबवली. रस्त्यावरचा तल्ज (बर्फ) काढायचं त्याचं काम. काच खाली केली तर बोंबलाच्या वासानं आधी मागं सरकला. हे कुजबुजत विचारायला लागले, तर तो मोठ्यानं हसला, मी डोळे मिटले. काही पडलं नाही. आवाजानं नाही पडत, म्हणाला, ते ह्यांनी मला सांगितलं. मग त्यानं कडेचा बर्फ फावड्यानं उभा कापून दाखवला. खाली जुना, काचेसारखा गुळगुळीत. वर परवाचा, भुसभुशीत. हातानं जरा ढकलला तर वरचा थर सरकन त्याच्या बुटांवर. नंतर वरच्या उतारावरचं ऊन दाखवलं. ते जाईपर्यंत थांबा.

हे म्हणाले, दोन वळणांचा तर रस्ता, उशीर झाला तर नोकरी जाईल.

मला अरबी येत नाही. पण आमच्या घरामागं कातळावर माती आहे, पाऊस प्यायली की अशीच घसरते. एकदा शेजाऱ्यांचा गोठा घेऊन गेली. मी रुखसानाला घेऊन उतरले आणि दगडावर बसले.

"चल, बस गाडीत."

"तुम्ही जावा. आम्ही दोघी ऊन गेल्यावर चालत येतो."

"चपलांनी?"

"चपलांनी."

तणतणत दोन फेऱ्या मारून ते बॉनेटवर बसले, गरम होतं म्हणून. तेवढ्यात पुढच्या वळणावर उतार मधोमध फाटला. चाळणीतनं पीठ पडावं तसं सगळं खाली आलं, आणि रस्ताच दिसेना. हे बॉनेटवरून खाली. रुखसाना बोंबील चोखत बघत होती.

रस्ता मोकळा झाल्यावर निघालो, शुक्रवारी नमाज उलटल्यावर पोचलो. शेठला घाटातलं कळलेलं. त्यानं गाडीकडे बघितलं नाही, आधी पोरीला उचललं. नोकरी राहिली.

परत बसनं आलो. कुवेतची सपाट जमीन दिसली आणि मला रडू आलं. मी अजून सगळ्याला भिते, पण आता हे गाडी काढायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात.

शेजारीपाजारी ऐकायला जमले, तेव्हा मात्र हे हात उंचावून म्हणाले, "मीच सांगितलं हिला, थांबायचं."

मी डबा उघडला आणि एक बोंबील ह्यांच्या हातात दिला. गप्प झाले.