नवव्या टप्प्याचं वळण

ट्रकच्या केबिनमध्ये दोन मालक बसले की ड्रायव्हरचं डोकं ठिकाणावर राहत नाही. ड्रायव्हर नकाशाचं तसंच झालं होतं. एक मालक म्हणजे कंपनीचा छापील कागद. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं टप्प्याटप्प्यानं लिहिलेलं. दुसरा मालक काचेपाशी चिकटवलेला जीपीएस. त्यातली बाई त्या कागदाला काडीची किंमत देत नसे. आणि गंमत अशी, की दोन्ही कंपनीनंच दिलेले.

त्याला नकाशा म्हणत, कारण सत्तावीस वर्षांत पाहिलेला एकेक रस्ता त्याच्या डोक्यात पक्का होता. नवे ड्रायव्हर अडले की त्यालाच फोन करत. असा माणूस आज भर दुपारी ठरलेल्या थांब्यावर कागद उलटासुलटा करत बसला होता. अकरा वर्षं बंदराच्या लाइनवर काढल्यावर गेल्याच आठवड्यात त्याला ही जुनी लाइन परत मिळाली होती. पण मधल्या काळात हमरस्ता सहापदरी झालेला, वर उड्डाणपूल आलेले. ओळखीची एक खूण शिल्लक नव्हती.

‘टप्पा नऊ : डावीकडे वळा, साडेसात किलोमीटर, पुन्हा हमरस्ता.’ बस्स, एवढंच. हमरस्ता सोडायचा, वळसा घालायचा आणि परत त्याच हमरस्त्याला लागायचं? हे कुणा दीडशहाण्याच्या डोक्यातून निघालं, ते त्याला कळेना. पहिल्या दोन्ही खेपांना त्यानं जीपीएसच्या बाईचं ऐकलं आणि सरळ गेला. माल वेळेआधी पोचला, गोदामवाल्यानं पाठ थोपटली, आणि कागद सोडला म्हणून ऑफिसनं दोन्ही वेळा लाल शेरा मारला. तिसरा शेरा पडला की गाडी काढून घेणार आणि यार्डात टायर तपासायला बसवणार. वाटेत भलत्या जागी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तरी शेराच.

गाडी हातची जाऊ द्यायची नव्हती. म्हणून आज कागद सांगेल तसंच जायचं ठरवून तो डावीकडे वळला.

“शक्य असेल तिथून मागे वळा,” बाई म्हणाली.

“तू गप्प बस,” तो म्हणाला.

रस्ता अरुंद होता. शाळेच्या भिंतीनंतर पाण्याची टाकी आली, आणि कुणी न सांगता त्याचा हात गिअरवर गेला. टाकीपुढे उतार आहे, हे हाताला माहीत होतं. खरंच उतार आला. नकाशानं वेग कमी केला. या रस्त्यावर तर त्याची ताई राहत होती!

मग सगळंच आठवलं. अकरा वर्षांपूर्वी कंपनीनं एक मोजणीवाला यंत्र देऊन त्याच्या शेजारी बसवला होता. नकाशा जाईल तोच लाइनचा रस्ता ठरणार होता. तेव्हा तो रोज वाट वाकडी करून ताईकडे जेवायला जायचा. “इकडून का?” मोजणीवाल्यानं विचारलं. “पुढे रस्ता खराब आहे,” नकाशानं ठोकून दिलं. मोजणीवालाही ताईकडे पोटभर जेवला आणि वळण कागदावर आलं. महिन्याभरात नकाशाची लाइन बदलली, कागद मात्र तसाच राहिला. अकरा वर्षं सगळे ड्रायव्हर त्याच्या थापेपायी वळसा घालत होते आणि कागद करणाऱ्याला शिव्या देत होते. शिव्या देणाऱ्यांत आता तोही होता.

हसावं की तोंड लपवावं, त्याला समजेना. ‘येतो, येतो’ म्हणता म्हणता अकरा वर्षं कशी गेली, हेही समजेना.

ताई फाटकातच उभी होती. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. ट्रक दिसताच तिनं सवयीनं हात वर केला. ब्रेक त्यानं दाबला की आपोआप दाबला गेला, कुणास ठाऊक.

“अगं बाई, तू? मला वाटलं, नेहमीसारखं कुणीतरी हॉर्न देऊन जाईल.”

“कोण हॉर्न देतं?”

“तुझी माणसं. रोज दोन-तीन गाड्या जातात. तुला यायला जमत नाही, म्हणून तूच सांगून ठेवलं असशील ना, माझ्या बहिणीकडे बघून जात जा म्हणून?” तिनं डोळे पुसले. “हॉर्न वाजला की वाटायचं, तू बरा आहेस. बस, वाढते तुला.”

नकाशानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तिच्या समाधानावर पाणी. ताई आत वळली आणि तो पायरीवर बसला.

तेवढ्यात फोन आला. ऑफिसात रस्त्यांचं काम बघणारी मुलगी होती.

“काका, सात मिनिटं झाली, गाडी हलत नाहीये. काय कारण लिहू? आणि साहेब विचारतायत, त्या नवव्या टप्प्याच्या वळणाला काही कारण आहे का? नसेल तर काढून टाकतो. मग तुमचे जुने दोन्ही शेरे पुसता येतील.”

नुसतं ‘नाही’ म्हटलं की गाडी वाचत होती. पण मग उद्यापासून या फाटकावरून एकही ट्रक जाणार नव्हता. आणि पुन्हा थाप मारावी, तर बाकीच्यांनी अजून किती वर्षं वळसे घालायचे? त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. आतून ताट मांडल्याचा आवाज आला.

“जेवण,” तो म्हणाला.

“हे कशाचं कारण, काका? थांब्याचं की वळणाचं?”

“दोन्हींचं. तेव्हा मी थाप मारली होती गं. ते वळण माझं आहे. साहेबांना म्हणावं, काढा ते, आणि शेरा मला मारा.”

त्यानं फोन ठेवून दिला.

ताई ताट घेऊन आली. त्यानं तिला एका दमात सगळं सांगून टाकलं. थाप, कागद, शेरे, हॉर्न देणाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं तेही. ताईनं ताट पायरीवर ठेवलं.

“म्हणजे आता गाड्या येणार नाहीत इकडून?”

“नाही.”

“मग तू बरा आहेस, हे मला कसं कळायचं?”

“मी येईन.”

“गाडी राहील तुझी?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “नाही राहिली तर बसनं येईन.”