फिटरचा डावा कान

पंपांच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग गेलंय." उघडून पाहिलं की तेच निघायचं. तीस वर्षं या कानांवर त्याचं पोट होतं, आणि खोटं कशाला बोला, मिजासही होती.

दोन वर्षांपूर्वी डावा कान गेला. पार ठार. त्याने मूठ गुपचूप उजव्या कानाला लावायला सुरुवात केली. मालकाला कळलं तर नारळ मिळेल, ही धास्ती. बायकोला सांगावं तर ती बहिणीला सांगणार आणि बहीण साऱ्या गावाला. म्हणून घरातही मिठाची गुळणी धरलेली.

हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन कुत्री घेऊन दरीत फिरायला जायचं, एवढीच त्याची चैन. थोरली कुत्री म्हातारी आणि धाकटा टवाळ. जशी लक्षणं तशी नावं. त्या दिवशी तो निघाला तेव्हा बायको डाव्या बाजूने काहीतरी बोलली. काय, ते त्याला ऐकू आलं नाही. हात हलवून तो चालू लागला.

ओढ्याकाठच्या पायवाटेवर गोठलेलं गवत पायाखाली कुरकुरत होतं. अर्ध्या वाटेवर धुकं आलं आणि हाताच्या अंतरावरचं झाडही दिसेना. टवाळ पट्ट्याला होता, म्हातारी मोकळी. एवढ्यात फांदी मोडली, पाण्यात काहीतरी धपकन पडलं आणि म्हातारी केकाटली.

आवाज उजवीकडून आला. तो उजवीकडे धावला. आवाज पुन्हा उजवीकडूनच. तो वळला, परत वळला, जिकडे तोंड करावं तिकडे केकाटणं आपलं उजव्या अंगालाच. एका कानाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. इतके दिवस डोळ्यांनी सांभाळून घेतलं होतं. आज डोळेही गेल्यात जमा होते.

पाणी बर्फासारखं, म्हातारी बारा वर्षांची. किती वेळ तग धरणार? टवाळ सारखा उलटीकडे ओढत होता. त्याने पट्ट्याला हिसका दिला. "गप चल! तुला काय कळतंय?" डॉक्टरचा कान मोठा की कुत्र्याचा! पाच मिनिटं तो तसाच स्वतःभोवती फिरत राहिला. केकाटणं बारीक होत गेलं, मग थांबलं.

आता मात्र तो मटकन खाली बसला. टवाळचं तोंड समोर आलं. त्याचे दोन्ही कान ताठ, एकाच दिशेला रोखलेले.

"ने बाबा," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "तूच ने."

टवाळने त्याला ओढतच नेलं. काठाखालच्या मुळांत म्हातारीचा मागचा पाय अडकला होता, पाणी गळ्यापर्यंत. तो कपड्यांसकट ओढ्यात उतरला, पाय सोडवला आणि तिला कोटात गुंडाळून घरी आणलं.

बायको शेगडीपाशी त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून म्हातारीला पुसत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. तो मान वळवून तिच्या ओठांकडे पाहत होता, म्हणून थोडंफार कळत होतं. "निघताना ओरडून सांगितलं, धुकं येतंय, जाऊ नका! तर हात हलवून चालते झालात!"

"ऐकूच आलं नाही," तो म्हणाला. "डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली."

तिचा हात थांबला.

"मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "झोपताना मी काय काय सांगायचे. तुम्ही हूं की चूं करायचा नाहीत. मग मी सांगायचंच सोडून दिलं."

पलंगावर ती त्याच्या डाव्या बाजूला झोपते आणि त्याचा उजवा कान उशीत असतो, हे त्याला आत्ता आठवलं.

"काय सांगायचीस?" त्याने घाबरत विचारलं.

ती उठली, स्टूल उचललं आणि त्याच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं.