वेशीवरचा फ्लेक्स

मला पीएच.डी. मिळाली आणि गावानं वेशीवर फ्लेक्स लावला: ‘कॅन्सरवर औषध शोधल्याबद्दल गावच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन!’ शेजारी माझा हा एवढा फोटो. औषधबिवषध मी काही शोधलं नव्हतं. जुनंच औषध चरबीच्या थेंबांत भरायचं, सुईच्या टोकावर लाखो मावतील इतक्या बारीक, आणि ते नेमकं कॅन्सरच्या पेशीत पोचतं का ते बघायचं, हे माझं काम. तेही बशीत वाढवलेल्या पेशींवर. पण आमच्याकडं बारसं असो की बारावी, फ्लेक्सवर हात राखून कोणी लिहीत नाही. मी हसून सोडून दिलं.

कुरुंदवाडजवळच्या त्या गावात, आमच्या घरी, माझी थोरली बहीण अक्का राहायची. आईमागं अक्कानंच मला वाढवलं. तिच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा मी तिला माझ्याकडं कोल्हापूरला दवाखान्यात आणलं. केमोच्या दोन सलाइनांत केस गेले, तोंड आलं. तिसऱ्या वेळी ती आलीच नाही. फोनही उचलेना, म्हणून एसटी धरून गेले. अक्का गोठ्यात धार काढत बसली होती.

“अक्का, दवाखाना का चुकवलास?”

“घरात दूध असताना कोण इकत आणतंय व्हय? तुझं औषध हाय की. गाठीलाच लागतंय, केसाला धक्का न्हाय. मी थांबलोय, झालं की आण.”

“ते अजून माणसाला द्यायचं न्हाय गं. लई वर्षं लागतील.”

“मग फ्लेक्सवर?”

“खोटं हाय ते.”

तिचा हात थांबला. म्हशीनं पान्हा चोरला. अक्का म्हणाली, “उद्या किती वाजता एसटी हाय?”

पुढची सगळी सलाइनं तिनं निमूट घेतली. पण रोग पुढं निघून गेला होता. अक्का गेली.

आता सुट्टीच्या दिवशीही मी प्रयोगशाळेत जाते. पेशींना खाऊ घालावं लागतं, आणि खोलीवर वाट बघणारं कोणी नाही. फार एकटं वाटतं.

तिच्या दिवसकार्यानंतर गोठा आवरायला गेले, तेव्हा वेशीवरचा तो फ्लेक्स बाहेर जळणाच्या शेणींच्या ढिगावर पांघरलेला दिसला. त्याला एक चौकोनी भोक होतं. गोठ्यात, धार काढायला ती बसायची तिथं समोरच्या भिंतीवर, विळ्यानं कापलेला माझा फोटो खिळ्यांनी ठोकला होता. औषधाचं एक अक्षरही तिनं त्यात ठेवलं नव्हतं.