आनंदनगरचा सगळ्यात मोठा ठिपका

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा तो ठिपका बघून आमचे सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"वैशाली, बघ! याची सेंट्रालिटी बघ!"

मी बघितलं. निळ्या रेघांच्या गुंत्यात मधोमध एक लालभडक ठिपका. बाकीचे ठिपके टिकलीएवढे, हा पुरीएवढा. खाली नाव होतं, प्रधान. हे प्रधान म्हणजे अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांच्या असोसिएशनचे सेक्रेटरी.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात बिझनेस लॉ शिकवते. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत 'नेटवर्क' हा शब्द फार जोरात होता. मुंबईतल्या एका मॅनेजमेंट संस्थेतले आमचे दातार सर आनंदनगरात संशोधन करत होते. विषय असा, की छोटे कारखानदार भांडण झालं तर कोर्टात का जात नाहीत, आणि कोर्टात नाही तर जातात कुठे? मला त्यांनी लोकल कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं होतं. म्हणजे फोन लावायचे, वेळा ठरवायच्या, आणि वाटेत बरं टॉयलेट कुठे आहे ते सरांना सांगायचं.

पद्धत सोपी होती. प्रत्येक मालकाला एकच प्रश्न विचारायचा, "धंद्यात वाद झाला तर तुम्ही कोणाकडे जाता?" तो ज्याचं नाव घेईल त्याच्याकडे एक रेघ काढायची. जितक्या रेघा जास्त, तितका ठिपका मोठा. यालाच सेंट्रालिटी म्हणतात. थोडक्यात, कोणाचं वजन किती. चहाच्या टपरीवर हे कोणीही फुकट सांगितलं असतं, पण टपरीवाल्याकडे सॉफ्टवेअर नसतं.

मुलाखती सरांच्या एमबीएच्या पोरांनी घेतल्या होत्या. मी तेव्हा पेपर तपासण्यात बुडाले होते. पोरं टाय लावून आली, फिरली, आठवड्याभरात डेटा घेऊन गेली. सर खूश. त्यांनी लगेच रिपोर्ट लिहिला, 'कायद्याविना न्याय' वगैरे. त्याची एक प्रत असोसिएशनला दिली. प्रधानांनी त्यातला नकाशा मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि आपल्या खुर्चीच्या मागे टांगली. बाजूला गणपती, बाजूला ठिपका.

तिथपर्यंत ठीक होतं. कोणाला ठिपक्याचं कौतुक असेल तर असू दे. पण पुढे प्रधानांनी मेंबरशिपच्या फॉर्मात एक नवं कलम घातलं. मेंबरांमधला कुठलाही वाद सेक्रेटरी मिटवतील, तेच एकमेव पंच, त्यांचा निवाडा अंतिम. असं कलम कायद्याला चालतं. पंच म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला खासगी न्यायाधीश. एकदा सही केली की मग उठून थेट कोर्टात जाता येत नाही. आणि सह्या सगळ्यांनी केल्या होत्या, कारण फॉर्म वाचून सही करायची आपल्याकडे रीत नाही.

सही करणाऱ्यांत आमच्या शोभाताईही होत्या.

शोभाताई बदलापूरला शिरगावात आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचा प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा एकटीने चालवला. औषधाच्या बाटल्यांची झाकणं करायच्या. झाकणासाठी लागते डाय, म्हणजे लोखंडी साचा. मशीन कोणाकडेही असतं, पण डाय असेल तर काम. ही डाय शोभाताईंनी स्वतःच्या बांगड्या मोडून बनवून घेतली होती. झाकणांचा माल उचलणाऱ्या पार्टीने ती "जरा पॉलिश करून देतो" म्हणून नेली, आणि परत द्यायचं नावच काढेना. वर म्हणे, डाय आमचीच आहे.

एका रविवारी त्या आमच्याकडे आल्या. जयभीम घातला आणि बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"काय गं, तुझ्या त्या सरांच्या नकाशात माझी रेघ प्रधानकडे जाते म्हणे?"

"जाते," मी म्हटलं. "तुम्हीच नाव सांगितलंत ना?"

"अगं, मग कोणाचं सांगणार? तोच समोर बसला होता! पोरांना घेऊन तोच आला, स्वतःच्या गाडीतनं. माझ्याच गाळ्यात खुर्चीवर बसून माझीच भजी खात होता. आता घरी आलेल्या माणसाच्या तोंडावर सांगू, की बाबा, मी तुझ्याकडे येत नाही?"

मी कपाळाला हात लावला. पोरांना गाळे सापडत नव्हते म्हणून प्रधानांनी फिरवलं होतं. प्रत्येक गाळ्यात प्रधान मुलाखतीला हजर. आणि आपल्याकडे आलेल्या माणसाचा मान राखायचा असतो. पाणी द्यायचं, चहा द्यायचा, आणि विचारलंच तर त्याचं नावही घ्यायचं.

"मग खरंच कोणाकडे जाता?" मी विचारलं.

"कोणाकडेच नाही," त्या म्हणाल्या. "मोरीत जाऊन रडून घेते, तोंड धुते नि कामाला लागते. ते घाल तुझ्या नकाशात."

 हे नकाशात घालायची सोयच नव्हती. कोणाकडेच न जाणाऱ्याची रेघ निघत नाही.

"आणि आता डायचं भांडण त्याच्यासमोर चालणारे, पुढच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "डाय नेली तो प्रधानचा मेहुणा आहे. माहितीये ना तुला? डाय गेली तर गाळा बंद, वैशाली. मशीन घेऊन काय पूजा करू?"

मी दुसऱ्याच दिवशी सरांना गाठलं.

"सर, डेटा चुकलाय. प्रधान प्रत्येक मुलाखतीला समोर बसले होते."

"वैशाली," सर समजुतीने म्हणाले, "सॉफ्टवेअरला कोण समोर बसलंय ते दिसत नाही."

"तेच म्हणतेय मी, सर."

"ही एका बाईची कहाणी झाली. कहाणी म्हणजे डेटा नव्हे. मला डेटा दे."

"मग मला परत मुलाखती घेऊ द्या. तोच प्रश्न, तेच मालक. फक्त प्रधान नकोत."

सर जरा कुरकुरले. पण परदेशातल्या कॉन्फरन्सला दाखवायला 'फेरतपासणी' बरी दिसेल, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी संस्थेची गाडी दिली. गाडीबरोबर शिंदे आले.

शिंदे म्हणजे संस्थेचे ड्रायव्हर. पांढरा सफारी, पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा. तोंडात कायम मावा, त्यामुळे बोलणं जवळजवळ नाही. नुसती मान हलवायची. न बोलणारा माणूस फार विद्वान दिसतो, हे मी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्येही पाहिलेलं आहे.

उन्हाचे दिवस होते. गाडीत बसवून ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी त्यांना आत घेऊन जायचे. ओळख करून द्यायचे, "हे शिंदे. संस्थेतून आलेत." यात खोटं काहीच नव्हतं. शिंदे समोरच्या खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे, मान हलवायचे.

पहिला गाळा चंदरभाईंचा. उल्हासनगरच्या कँपातले सिंधी, पँटच्या चेन बनवायचे. मी प्रश्न विचारला.

चंदरभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग शिंद्यांकडे. दोन्ही हात जोडले. "अब साईं, शिंदेसाब खुद चलके आये हैं, तो और किसके पास जायेंगे? लिखो, शिंदेसाब."

मला वाटलं, मस्करी करतायत. दुसऱ्या गाळ्यातला मालक जवळच्याच मोरिवली गावचा. तो म्हणाला, "यांच्यासारख्या मोठ्या माणसांकडंच जावं लागतंय ना, मॅडम." आणि शिंद्यांना आणखी एक बिस्किट दिलं. तिसऱ्याने तर विचारलं, साहेब बसतात कुठे? शिंद्यांनी बोटाने बाहेरची गाडी दाखवली. त्याला वाटलं, फिरतीवर असतात.

त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. दोनचार जणांनी वकिलांची, थोरल्या भावांची नावं घेतली. प्रधानांचं नाव कोणी चुकूनही काढलं नाही. बाकी सगळे शिंद्यांवर विश्वास ठेवून मोकळे झाले.

सरांनी डेटा घातला. बटण दाबलं. परत लालभडक ठिपका, परत पुरीएवढा.

सर पुढे वाकले. "रिमार्केबल! नवीन हब! कोण आहेत हे शिंदे? यांची सविस्तर मुलाखत घ्यायला हवी. लगेच भेटता येईल का त्यांना?"

"येईल की, सर. खाली गाडी पुसतायत."

सर परत पडद्याकडे वळले. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. ठिपका तेवढाच होता.

"हे सध्या कुठे बोलू नकोस," ते म्हणाले.

"बोलणार, सर. तुमच्या पहिल्या ठिपक्याने एका बाईचा गाळा बुडतोय."

 मी प्रिंट काढून घेतली आणि निघाले.

सुनावणी असोसिएशनच्या ऑफिसात होती. प्रधान खुर्चीत, मागे फ्रेममधला ठिपका. मेहुणा शेजारी, अगदी घरच्यासारखा. कमिटीचे मेंबर चहाला जमलेले, त्यांत चंदरभाईही. शोभाताईंच्या बाजूने बोलायला मी होते.

मी आधी रीतसर आक्षेप घेतला. पंच आणि समोरची पार्टी नातेवाईक आहेत, त्यामुळे पंच निःपक्ष नाहीत. आता इथे आपल्या कायद्याची गंमत ऐका. पंचावर आक्षेप असेल तर तो आधी त्या पंचापुढेच मांडायचा, आणि त्यावर निर्णय पंचच देणार.

प्रधानांनी डोळे मिटले. उघडले. "मी माझ्यावरचा आक्षेप नीट तपासला. मी निःपक्ष आहे."

"कशावरून?"

त्यांनी अंगठा मागे केला. "हा बघा ना पुरावा. युनिव्हर्सिटीचं संशोधन आहे, मॅडम. तुमच्याच लोकांनी केलंय. सगळ्या एरियाचा माझ्यावर विश्वास आहे."

मी पर्समधली प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर पसरली. "हे पण आमच्याच लोकांनी केलंय. तोच प्रश्न, तेच मालक. फक्त तुम्ही समोर नव्हता. यात तुमचा ठिपका शोधून दाखवा."

प्रधानांनी शोधला. मेहुण्यानेही शोधला. चष्मा लावून शोधला.

"हा शिंदे कोण?" प्रधान म्हणाले.

"आमच्या सरांचे ड्रायव्हर. ते समोर बसले होते. आता संशोधन खरं मानायचं असेल तर दुसरे पंच म्हणून शिंद्यांना घ्या, लगेच बोलावून घेते. खोटं मानायचं असेल तर ती फ्रेमही उतरवा."

प्रधानांनी वळून फ्रेमकडे बघितलं. मग चंदरभाई फिस्सकन हसले. "प्रधानसाब, बुरा मत मानना. उस दिन आप सामने बैठे थे, मेरा समोसा खा रहे थे. आपका नाम नहीं लेता तो क्या समोसेवाले का लेता?"

झालं! सगळे हसायला लागले. "माझ्याकडे पण तेच!" "माझ्याकडे तर जेवले!" एकेक जण सांगायला लागला. शोभाताई मात्र हसल्या नाहीत. त्या प्रधानांकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भजी खाल्लीत माझी. निदान डाय तरी परत द्या."

हसणं थांबलं. प्रधानांचा चेहरा उतरला. कोर्टाला ते घाबरले नसते, पण आनंदनगरात रोज उठून याच लोकांत वावरायचं होतं. त्यांनी तब्येतीचं कारण सांगून पंचपद सोडलं. पाठीशी कोणी उरलं नाही म्हटल्यावर मेहुण्याचाही आवाज बसला. त्याच आठवड्यात डाय टेम्पोतून गाळ्यावर आली. पॉलिश मात्र केलेलं नव्हतं.

सरांचा पेपर पुढे परदेशी जर्नलमध्ये आला. त्यात ठिपका प्रधानांचाच होता. फेरतपासणीचा उल्लेख नव्हता. शेवटी आभारांत शिंद्यांचं नाव होतं, 'वाहतूक सहकार्य'. मी तो पेपर वर्गात शिकवते, कसं करू नये ते दाखवायला.

मशीन सुरू झालं त्या दिवशी मी शोभाताईंच्या गाळ्यावर गेले. त्यांनी पेढा दिला, चहा दिला, गरम भजी समोर ठेवली. झाकणं टपाटप पडत होती. मी सहज विचारलं, "काय ताई, आता वाद झाला तर कोणाकडे जाणार?"

"तुझ्याकडे," त्या पटकन म्हणाल्या. "आणखी कोणाकडे?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डोळ्यांत पाणीच आलं. दुसरं भजं उचलताना माझ्या लक्षात आलं, की समोरच्या खुर्चीत मीच बसले होते.