शेवटच्या काठीपाशी

वेल्समध्ये बेसबॉल खेळतात, असं मी पुण्याला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या भावाने मला वेड्यात काढलं होतं. अगं, तो अमेरिकेचा खेळ, तुझी काहीतरी गल्लत होतेय. काही गल्लत नव्हती. दक्षिण वेल्समधल्या आमच्या ह्या बंदराच्या छोट्या शहरात उन्हाळ्यात संध्याकाळी पार्कातल्या गवतावर बेसबॉल चालायचा, आणि तोही अमेरिकेचा नव्हे, इथला घरचा. अकरा जण, हात खालून फिरवून टाकलेला बॉल आणि जमिनीत रोवलेल्या चार काठ्या. बॉल मारला की एकेका काठीला हात लावत पळायचं. तुम्ही पोचायच्या आत समोरच्याने बॉल काठीला टेकवला की तुम्ही आउट. एवढं कळलं की पुरे. मलाही जन्मभरात ह्याहून जास्त कळलं नाही.

मोठ्या टीम्सचे फोटो अजून एखाद्या पबच्या भिंतीवर दिसतात. पण खालच्या डिव्हिजनमध्ये गोदीवाल्यांची, बेकरीवाल्यांची, चर्चवाल्यांची अशा कितीतरी बारक्या टीम्स होत्या. कुणी दोन उन्हाळे खेळलं, कुणी पाच, आणि मग संपलं. त्यांतलीच एक हॉस्पिटलची. आमचे हे तिच्यात होते. हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय मला आयुष्यभर लागली नाही, आता कशाला लावून घेऊ?

हे हाडांच्या वॉर्डात ज्युनियर डॉक्टर होते. एक्स-रे विभागातल्या एका उंच, लालबुंद माणसाने ह्यांना टीममध्ये ओढलं. पुढे आमच्या मुलांनी त्याचं नाव एक्सरेकाका पाडलं आणि घरात तेच चालू झालं. हे कॉलेजात क्रिकेट खेळलेले, त्यामुळे पहिल्याच सामन्यात बॉल असा सणसणीत मारला की लोक उभे राहिले. आणि हे तिथेच, डावा पाय पुढे टाकून, बॅट टेकवून, आपलाच फटका न्याहाळत उभे! क्रिकेटमध्ये पळायचं की नाही ते आपण ठरवतो, इथे मारलं की पळावंच लागतं, हे ह्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. झाले आउट. एक्सरेकाका गवतावर पडून हसत होते. त्या उन्हाळाभर ह्यांना वॉर्डात शिरताना कुणी ना कुणी ओरडून ‘पळ, डॉक’ म्हणायचं.

तेव्हा ह्या शहरात आमच्यासारखे फार नव्हते. दुकानात बायका माझ्याशी मोठ्याने आणि तुटक बोलायच्या, जणू मी बहिरी आहे. पण सामन्याच्या दिवशी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवलेली असायची आणि माझी शंकरपाळी सगळ्यांत आधी संपायची. म्हणून ती टीम मला आवडायची. खेळाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

तिचा शेवट झाला तो एका सामन्यात. जिंकलो तर वरची डिव्हिजन, आणि एकच रन हवा होता. हे शेवटच्या काठीकडे जिवाच्या आकांताने पळत होते. एक्सरेकाका आधीच आउट होऊन त्या काठीशेजारी उभे होते, ह्यांना हाका मारत. मी कडेला होते. नेमकं तेव्हाच आमच्या थोरल्याने जॅमचं सँडविच बाबागाडीबाहेर फेकलं आणि मी ते उचलायला वाकले. मान वर केली तर रणकंदन चाललेलं. अंपायरने आउट दिलं होतं आणि हे सांगत होते, की माझा हात आधी लागला. एक्सरेकाका सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणत होते, हो, लागला, मी बघितलाय. आमच्या कॅप्टनने अंपायरची कॉलर धरली.

पुढे लीगवाल्यांनी माफी मागायला सांगितलं. कॅप्टन म्हणाला, आमचा डॉक्टर खोटं बोलत नाही, माफी कसली? टीमला लीगमधून काढलं. पुढच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलची टीम नव्हती, आणि मग कधीच झाली नाही. कुणी दुसऱ्या टीममध्ये गेलं, कॅप्टनने तर खेळणंच सोडलं. माझ्यासाठीही कुणी खुर्ची धरली नाही.

मग चाळीसएक वर्षं तो हात आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. गणपतीला कार्डिफची, ब्रिस्टलची मराठी मंडळी जमली की कुणीतरी काडी टाकायचंच, काय डॉक्टर, खरंच लागला होता का हो हात? हे नुसते हसायचे. भांडायची मी. तिथे होतात का तुम्ही, असं विचारून मी भल्याभल्यांची तोंडं बंद केली आहेत. धाकट्याने एकदा जेवताना म्हटलं, बाबांना तसं वाटलं असेल गं, अंपायरला जास्त नीट दिसतं. मी त्याच्या ताटात पुढची पोळी वाढली नाही. मी स्वतः तेव्हा सँडविच उचलत होते, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी ह्यांची फुप्फुसं थकली. फ्रंट रूममध्ये हॉस्पिटलचा बेड आला, ऑक्सिजनचं मशीन आलं. दुखणं बरं होण्यातलं नाही, हे ह्यांना आमच्याआधी कळलं होतं. डॉक्टरच ते. त्याच सुमारास लोकल हिस्टरीवाली एक बाई आली, रिटायर्ड टीचर. शहरातल्या जुन्या, बारक्या बेसबॉल टीम्सचं लायब्ररीत प्रदर्शन करायचं होतं आणि हॉस्पिटलच्या टीमचं सांगणारं तिला कुणी सापडत नव्हतं. ह्यांनी तिला सगळं सांगितलं, थांबत थांबत, अगदी आपण उभे राहून कसे आउट झालो तेसुद्धा. मग तिने विचारलं, शेवट कसा झाला? ह्यांनी डोळे मिटून घेतले. दमलेत, असं सांगून मी तिला वाटेला लावलं.

ती गेल्यावर हे म्हणाले, “त्याला बोलाव. हात लागला होता का, एवढंच विचारायचंय.”

मला वाटलं, शेवटी ह्यांना साक्षीदार हवाय. हवाच ना माणसाला. एक्सरेकाकांचं ख्रिसमस कार्ड यायचं बंद झालं होतं, म्हणून मी धरूनच चालले होते की ते गेले. पण थोरल्याने शोधून काढलं. ते वर डोंगरातल्या एका गावात लेकीकडे राहत होते. मी एकटीच गाडी घेऊन आणायला गेले. लालबुंद माणूस वाळून काटकी झाला होता, कोट खांद्यावरून घसरत होता.

गाडीत मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की ते काय विचारणार आहेत आणि तुम्ही काय म्हणायचं. हो म्हणायचं, बस. एक्सरेकाका म्हणाले, मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलणार नाही. म्हणजे लागला नव्हता? मी इतकी चिडले, की म्हटलं, मग उतरा इथेच. बाहेर ड्युअल कॅरेजवेवर भरधाव गाड्या, धो धो पाऊस. बिचारे दाराचं हँडल शोधायला लागले. मग मीच रडत रडत गाडी घरी आणली.

मी चहाचा ट्रे घेऊन फ्रंट रूमच्या दारात पोचले, तेव्हा एक्सरेकाका ह्यांचा हात धरून बसले होते. हे मशीनच्या आवाजातून बोलत होते, प्रत्येक शब्दाला धाप लागत होती.

“लागला होता का रे?”

“नाही, डॉक. हातभर लांब होतास तू.”

आणि हे हसले. कित्येक महिन्यांत ह्यांचं असं हसू मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, “मला माहीत होतं.” जरा थांबून पुन्हा म्हणाले, “मग त्या दिवशी माझ्या बाजूने का ओरडलास?”

“तू आमचा होतास,” एक्सरेकाका म्हणाले. “अंपायर नव्हता.”

चहा गार झाला. मी तो तसाच परत नेला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. ह्यांना माहीत होतं. मी पाहुण्यांशी भांडले, पोटच्या पोराशी भांडले, आणि हा माणूस माझ्याच हातची आमटी भुरकत ऐकत बसायचा! मला इतका राग आला होता, आणि राग तरी कुणावर काढणार? ज्याला धड श्वास घेता येत नव्हता त्याच्यावर?

एक्सरेकाकांना घरी सोडून आले आणि न राहवून ह्यांना विचारलं, मला का नाही हो सांगितलंत कधी?

“तू भांडायचीस ना माझ्यासाठी,” हे म्हणाले. “ते थांबलं असतं.”

पुढच्याच आठवड्यात हे गेले.

बेड न्यायला दोन माणसं आली, मशीन घेऊन गेली. कार्पेटवर बेडच्या चाकांचे चार खड्डे राहिलेत, मी त्यांवर पाय पडू देत नाही. ह्या वर्षी गणपतीला मंडळी जमली, माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलले, आणि कुणीही त्या हाताचा विषय काढला नाही. इतकं एकटं मला क्रिमेटोरियममध्येसुद्धा वाटलं नव्हतं. वाटलं, अरे, विचारा ना कुणीतरी. चिडवा ना मला.

परवा ती प्रदर्शनवाली बाई पुन्हा आली. प्रदर्शनाचं काम संपत आलं होतं, हॉस्पिटलच्या टीमच्या पाटीवर शेवटची ओळ तेवढी राहिली होती. एक्सरेकाका तोवर लेकीलाही ओळखेनासे झाले होते. बाईने भीत भीतच विषय काढला. म्हणाली, पाटी वर्षानुवर्षं राहील, चुकीचं काही लिहायला नको. अंपायरने तर आउट दिलं होतं. तुम्हाला नक्की काय आठवतं? तुम्ही होतात ना तिथे?

मी तिच्यापुढे शंकरपाळ्यांची बशी सरकवली.

“लागला होता हात,” मी म्हटलं. “लिहा. मी तिथेच होते.”